आवाज बसलेला टीव्ही

मित्रांनो, माझी पाठ बघून तुम्हाला हसू येईल. तुमच्या घरातले टीव्ही भिंतीला चिकटून असतात, पुस्तकाएवढे पातळ. मला मात्र मागे भलंमोठं पोक आहे. मी एकवीस इंची, काचेच्या नळीचा जुना टीव्ही आहे. पुणतांब्यात स्टेशनच्या रस्त्याला आमची वस्ती आहे. तिथे सहादूबाबांच्या घरात, लोखंडी कपाटाशेजारच्या टेबलावर मी सतरा वर्षं बसून आहे. माझ्या डोक्यावर बाबांच्या पत्नी भामाबाईंनी विणलेला रुमाल आहे आणि वर भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेकडो हातांतून मी पुढे पुढे सरकत गेलो. अगदी शेवटच्या टेबलावर एक मुलगी बसायची. ती माझा आवाज शून्यापासून वरपर्यंत नेऊन बघायची आणि मग कागदावर सही करायची. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या दोन्ही स्पीकरना कधी खरखर लागली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढची हकिगत कळायला तेवढं ठाऊक असलेलं बरं.

सहादूबाबांनी मला घरी आणलं, तेव्हा ते साखर कारखान्यात कामाला होते. त्यांचं काम टर्बाइनवर. वाफेच्या जोरावर फिरणारं ते प्रचंड यंत्र. त्याच्यावर कारखान्याची वीज तयार होते. ऊस गाळायचा हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने ते यंत्र क्षणभर थांबत नाही. तिथे माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही, सगळे हातवारे करून बोलतात. कानात घालायला कापूस मिळायचा. पण कापूस घातला तर यंत्राचा आवाज नीट कळत नाही, म्हणून बाबा तो काढून खिशात ठेवायचे. यंत्राच्या आवाजात केसाएवढा फरक पडला तरी त्यांना तो कळायचा. दोनदा तर इंजिनियर नाही म्हणत असताना त्यांनी टर्बाइन थांबवायला लावलं होतं, आणि दोन्ही वेळा आतलं बेअरिंग गेलेलं निघालं. तीस हंगाम त्यांनी तिथे काढले.

बाबांना गाता येत नव्हतं. कुठलं वाद्यही येत नव्हतं. त्यांना फक्त ऐकता यायचं. पण ते असं ऐकायचे की जयंतीला वस्तीत गायन पार्टी आली, की गाणारे माईक हातात घेण्याआधी बाबा कुठे बसलेत ते बघून घ्यायचे. बाबांची मान हलली तर गाणं जमलं, आणि बाबा जमिनीकडे बघायला लागले तर काहीतरी बिघडलं.

माझ्यावर त्यांचा जीव जडला तो गाण्याच्या स्पर्धांमुळे. बातम्या, सिनेमे, मालिका यांचं त्यांना काही नव्हतं. स्पर्धेचा भाग रविवारी दुपारी पुन्हा दाखवायचे. पाळी कुठलीही असो, रविवारी दुपारी बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून माझ्यासमोर चटईवर बसायचे. परीक्षकांना ते 'पंच' म्हणायचे. स्पर्धकाचं गाणं संपलं, की पंचांनी तोंड उघडायच्या आत बाबा आपला निकाल सांगून मोकळे. सुरांची नावं त्यांना येत नव्हती. ते म्हणायचे, "हितं पाय घसरला," किंवा "ह्यो दम खाऊन गायला." आणि पंचही बहुतेक तेच बोलायचे, फक्त लांबलचक शब्दांत. स्पर्धकाच्या घरची गरिबी दाखवून पाठीमागे रडकं संगीत लावलं, की बाबा उठून पाणी प्यायला जायचे. त्यांना ते बघवायचं नाही असं नाही. त्यांचं म्हणणं, गाणाऱ्याला गाऊ द्यावं, त्याची आई कशाला रडवता.

शेजारच्या दगडाबाई आणि आणखी चार-दोन जण खास बाबांचा निकाल ऐकायला येऊन बसायचे. भामाबाईंना या स्पर्धांचा कंटाळा होता. त्या धान्य निवडत बाहेर ओट्यावर बसायच्या. पण आतून बाबांचं हसणं ऐकू आलं की त्यांच्याही तोंडावर हसू यायचं, ते मला दारातून दिसायचं. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

बाबांची मुलगी यशोधरा तेव्हा दहा वर्षांची होती. भाग संपला की ती उठून उभी राहायची आणि नुकतंच ऐकलेलं गाणं म्हणायची. तिचा आवाज चांगला होता. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "पुन्हा." ती पुन्हा म्हणायची. पुन्हा "पुन्हा." कधी कधी ती रडकुंडीला येऊन बाहेर पळायची. फार जमलं तर बाबा म्हणायचे, "बरं झालं." यापलीकडे त्यांनी तिचं कौतुक कधी केलं नाही. दहावीत पहिली आली तेव्हाही "बरं झालं"च.

कॉलेजात असताना ती पहिल्यांदा स्पर्धेच्या निवडीला गेली, बाबांना सोबत घेऊन. दिवसभर उन्हात रांगेत उभं राहिल्यावर तिला दोन ओळी म्हणायला मिळाल्या आणि परत पाठवलं. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. वस्तीतल्या बायका तिची समजूत घालत होत्या, की निवडणाऱ्यांना काही कळत नाही. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "तू बरी गायली. पर तुझ्या पुढचा पोरगा तुझ्यापेक्षा चांगला गायला." मला वाटलं, आता ही रडणार. पण तिचा चेहरा एकदम हलका झाला. ती उठली आणि जेवायला बसली. बाकी सारं जग तिला काहीही सांगू शकत होतं. बाबा मात्र खरं तेच सांगणार, याचा तिला आधार होता.

पुढे ती आरोग्यसेविका झाली आणि भंडारदऱ्याच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात तिला नोकरी लागली. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायची. पण नवं गाणं बसवलं की फोनवर बाबांना म्हणून दाखवायची. बाबा फोन कानाला लावून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पुन्हा."

बाबा कामावरून निवृत्त झाले आणि त्यानंतर चार-पाच वर्षांनी माझ्यावर आळ आला.

आधी ते म्हणू लागले, की हल्लीच्या पोरांना आवाजच नाही. मग म्हणू लागले, की स्पर्धावाले माईक भिकार वापरतात. मग एका रविवारी त्यांनी मला चापट मारली आणि म्हणाले, "ह्याचा आवाज बसलाय." मुलगा प्रवीण टेम्पो चालवायचा. त्याला ते सारखं आवाज वाढवायला सांगायचे. वीसचा पंचवीस झाला, पंचवीसचा चाळीस झाला. घराचे पत्रे थरथरायला लागले. दगडाबाई येऊन सांगून गेल्या, की अभ्यासाला बसलेल्या पोरांना त्रास होतो. भामाबाईंना वाटायचं, माणूस म्हातारपणी हट्टी झाला. रोजचं बोलणं बाबांना समजत होतं, कारण भामाबाई त्यांच्याशी पहिल्यापासून मोठ्याने बोलायच्या, आणि कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस ओठांवरूनच अर्धं ओळखतो. त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

अखेर प्रवीणने मला टेम्पोत घातलं आणि श्रीरामपूरला कल्याण नावाच्या कारागिराच्या दुकानात नेलं. बाबाही सोबत होते. कल्याण टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस. त्याने माझी पाठ उघडली, आतली धूळ फुंकली, दोन्ही स्पीकर तपासले आणि मला सुरू केलं. कुठलं तरी गाणं लागलं. त्याने आवाज वाढवत नेला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाबा कानामागे हात धरून माझ्या पुढ्यात वाकले होते. ते म्हणाले, "बघा, कसा लांबून आल्यावानी वाटतोय."

कल्याणने मला बंद केलं. तो बाबांच्या पाठीमागे गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "बाबा, चहा घेता का?" बाबा माझ्याकडेच बघत होते. कल्याणने पुन्हा विचारलं. मग तो प्रवीणकडे वळून हळूच म्हणाला, "टीव्हीला कायबी झालेलं न्हाई. बाबांचे कान दाखवा."

बाबांना ते ऐकू आलं नाही. पण त्यांनी प्रवीणचा चेहरा बघितला. आधी ते हसले, मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून किती तरी वेळ उभे राहिले. परत येताना ते पुढे बसले नाहीत. मागे हौद्यात, माझ्याशेजारी बसून आले.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांचे कान तपासले. तिथून आल्यावर भामाबाई दगडाबाईंना सांगत होत्या, तेव्हा मी ऐकलं. यंत्राच्या आवाजाने आतल्या नसा गेल्या होत्या. त्या परत येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. गाणं सगळ्यांत आधी जातं. कानात घालायचं मशीन मिळालं, पण त्याने कुजबूजसुद्धा भांडी आदळल्यासारखी व्हायची. मशीन घालून बाबा एका रविवारी माझ्यासमोर बसले. एक मुलगी छान गात होती. बाबांनी अर्ध्यातच मशीन काढलं, पुसलं आणि डबीत ठेवलं. नंतर ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. भामाबाईंनी दुपारचा चहा तिथेच नेऊन दिला.

हे सगळं झालं तेव्हा यशोधरा तिसऱ्यांदा स्पर्धेची तयारी करत होती. सव्वीस वर्षं पुरी झाली होती तिला. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. बाबांनी भामाबाईंकडून आणि प्रवीणकडून वचन घेतलं, की तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. भामाबाईंना ते पटलं नव्हतं. त्या म्हणत होत्या, की पोरगी मोठी आहे, तिला सांगावं. पण बाबा ऐकेनात. खरं तर त्यांना ऐकूही येत नव्हतं. भामाबाईंनी नाद सोडला.

आणि मग फोन येऊ लागले. यशोधरा गाणं म्हणायची. भामाबाई फोनचा आवाज मोठा करून तो बाबांच्या हातात द्यायच्या. बाबा पूर्वीसारखेच डोळे मिटायचे, पण आता मधूनमधून उघडायचे आणि भामाबाईंकडे बघायचे. गाणं संपलं की भामाबाई हाताने खूण करायच्या. मग बाबा म्हणायचे, "बरं झालं." 'पुन्हा' म्हणायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

मित्रांनो, मी ते गाणं कपाटाशेजारून ऐकत होतो. दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी ती घाई करत होती. वर चढताना दम अपुरा पडायचा आणि सूर किंचित खाली यायचा. एवढासा दोष, पूर्वीच्या बाबांनी तिला तिथे पन्नास वेळा थांबवलं असतं. तिलाही शंका होती. तिने बाबांना तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, "आप्पा, दुसरं कडवं कसं वाटतंय?" भामाबाईंना गाण्यातलं काय कळणार? त्यांच्या कानाला लेकीचं सगळंच गोड. त्या खूण करायच्या आणि बाबा सांगायचे, "बरं हाय. तसंच ऱ्हाऊ दे."

मी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज घरात आणले. मला स्वतःचा आवाज नाही. तो असता, तर त्या तीन दिवसांतल्या एखाद्या दिवशी मी नक्की बोललो असतो.

यशोधराची निवड झाली. मुंबईला चोवीस जणांत ती गायली. त्याचा निकाल घरी सांगायची तिला परवानगी नव्हती. तिने एवढंच कळवलं, की माझ्याशिवाय बघू नका, मी रविवारी येते. ती आली. नेहमीसारखी गप्पा मारत नव्हती. बाबा बोलत नाहीत, नुसते हसतात, हे तिच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. प्रवासाने ती दमलेली होती. दुपारी सगळे माझ्यासमोर बसले. प्रवीणने टेम्पो उभा करून सुट्टी घेतली होती. दगडाबाईंनी मात्र हा भाग पहिल्यांदा दाखवला तेव्हाच बघितला होता, निकाल त्यांना कळला होता, म्हणून त्या आल्या नाहीत.

माझ्या काचेवर यशोधरा दिसली. निळी साडी, केसात काही नाही. ती गायला लागली. पहिलं कडवं फार सुंदर झालं. मी माझ्याकडून आवाजाला कुठे धक्का लागू दिला नाही. बाबा पुढे सरकून बसले होते. त्यांची नजर तिच्या ओठांवर होती आणि त्यांचे स्वतःचे ओठही हलत होते. दुसरं कडवं आलं. त्याच ठिकाणी ती घसरली. या वेळी किंचित नाही, चांगलीच. माईकपुढे, दिव्यांत, लोकांसमोर दम आणखी लवकर संपला. खोलीत बसलेल्या यशोधराने डोळे मिटून घेतले. भामाबाईंनाही यावेळी कळलं. प्रवीणने मान खाली घातली.

बाबांना काचेवरचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. गाणं संपलं. तिथे स्टुडिओतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा वळले. त्यांचे डोळे भरले होते. ते मोठ्याने, नको इतक्या मोठ्याने म्हणाले, "लई चांगली गायलीस, बाळा. लई चांगली."

माझ्या काचेवर पंच बोलायला लागले होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. यशोधरा बाबांकडे बघत राहिली. सत्तावीस वर्षांत हे शब्द तिने त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ती उठली आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिने हाक मारली, "आप्पा." मग जरा मोठ्याने, "आप्पा." बाबा माझ्याकडे बघत बसून होते.

तिने आईला विचारलं, "कधीपासून?"

भामाबाईंनी सगळं सांगितलं. टीव्ही दुरुस्तीला नेला तिथपासून फोनवरच्या खुणांपर्यंत. सांगताना त्यांनी काही लपवलं नाही. बाबांनी मधेच वळून बघितलं आणि त्यांना समजलं, की आता काही झाकायचं उरलं नाही. यशोधरा त्यांच्यासमोर बसली, म्हणजे तिचे ओठ त्यांना दिसावेत. तिने सावकाश विचारलं, "मला सांगितलं का न्हाई?"

बाबा म्हणाले, "मला आईकू येत न्हाई म्हणून सांगितलं असतं, तर तू गेली असती का?"

मग तिने नाही म्हणून मान हलवली.

"मंग मी काय करायचं हुतं?" बाबांनी विचारलं. त्याचं उत्तर आजवर मलाही सापडलेलं नाही. तेवढ्यात माझ्या काचेवर बाद झालेल्यांची नावं दाखवली. तिचं नाव त्यात दुसरं होतं. ते बाबांनी वाचलं. वाचायला कान लागत नाहीत. त्यांनी प्रवीणकडे हात करून मला बंद करायला सांगितलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती कामावर परत गेली. अजून महिन्या-दोन महिन्यांनी येते. बाबांसमोर बसून हळूहळू बोलते, डोळ्यांत घालायचं औषध आणते, त्यांचं ब्लडप्रेशर तपासते. पण त्या दिवसापासून या घरात ती गायलेली नाही. भामाबाईंनी एकदा फोनवर आग्रह केला, तर म्हणाली, की बरं झालं की बिघडलं ते कुणाला विचारू? तिकडे आरोग्य केंद्रात कुणी गाणं म्हणायला सांगितलं, तर घसा बसलाय असं सांगते म्हणे.

बाबांनी स्पर्धा बघणं मात्र सोडलं नाही. कुणाला वाटेल, आता त्यात काय बघायचं. पण रविवारी दुपारी ते अजून धुतलेला सदरा घालून बसतात. निकाल सांगत नाहीत. गाणाऱ्यांची तोंडं बघतात. शेजारचं कुणी आता येत नाही. पोरं मोबाईलवर बघतात, आणि बाबांच्या निकालाशिवाय इथे येण्यात तसं काही राहिलंही नाही.

भामाबाई पूर्वी ओट्यावर बसायच्या, त्या आता आत येऊन बाबांशेजारी बसतात. आल्या की आधी रिमोट घेऊन माझा आवाज शून्यावर नेतात. मग दोघं तासभर माझ्यासमोर बसून असतात. माणसं तोंड उघडतात, मिटतात, हात वर करतात, रडतात. खोलीत फक्त पंख्याचा आवाज असतो. एकदा दगडाबाई पीठ मागायला आल्या. त्यांनी हे बघितलं आणि विचारलं, की आवाज का बंद केला, तुला तर ऐकू येतंय ना?

भामाबाई म्हणाल्या, "मी एकटीनं आईकून काय करू?"

मित्रांनो, माझे स्पीकर अजून शाबूत आहेत. परवा प्रवीण म्हणत होता, की नवा, भिंतीवरचा टीव्ही घेऊ. घेतील कदाचित. मग भंगारवाला मला घेऊन जाईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. तुमच्या घरातलं कुणी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगायला लागलं, तर टीव्हीला चापट मारू नका आणि त्या माणसावरही वैतागू नका. त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि हळू आवाजात एकदा हाक मारून बघा. त्याने वळून बघितलं नाही, तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या. त्याचे कान परत येतील असं मी म्हणत नाही. बाबांचे आले नाहीत. पण त्याच्या शब्दावर कुणी विसंबून असेल, तर निदान त्या विसंबलेल्या माणसाला तरी वेळेवर कळेल.